गाउन पाचच्या आत परत करावा

भाचा एमबीए झाला. कॉलेजची निमंत्रणपत्रिका आली ती लग्नाच्या पत्रिकेइतकी जाड. वर जिथं गणपती असतो तिथं नॅकची ग्रेड होती, आणि जिथं 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' असतं तिथं विश्वस्तांची सात नावं. मागच्या बाजूला अकरा सूचना. पदवीबद्दल त्यात अक्षर नव्हतं. दहा सूचना गाउनबद्दल होत्या आणि अकरावी जेवणाच्या कुपनाबद्दल. गाउनचं भाडं तीनशे, अनामत पाचशे, डाग पडल्यास अनामत जप्त, टोपी हवेत उडवू नये, आणि शेवटी ठळक अक्षरात : गाउन पाचच्या आत परत करावा.

कॉलेजचं नाव सांगत नाही. घाटाखालचं आहे एवढं पुरे. बुलढाणा जिल्ह्यात माणूस आधी घाटावरचा किंवा घाटाखालचा असतो, मग जातीचा, मग पक्षाचा. तर घाटावरच्यांनी खूश होऊ नये. तिकडची पत्रिका मी पाहिली आहे. तिच्यात सूचना तेरा होत्या.

विद्यापीठाचा मोठा समारंभ अमरावतीला होतो. तिथं मंचावर पदकवाले आणि पीएच.डी.वाले, आमच्यासारख्यांच्या पोरांच्या पदव्या गठ्ठ्यानं कॉलेजात येतात आणि कॉलेज त्या वाटून घेतं. तसं अमरावतीला जायला आमची ना नव्हती. अकोला-अमरावती रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज बुकात नाव गेलेलं आहे. इतक्या घाईनं आमच्या भागात दुसरं काही झालेलं नाही, म्हणून उल्लेख केला.

तर एप्रिलचा शेवट, सकाळचे अकरा, पत्र्याचा हॉल. भाचा गाउन घालून आला. भाऊजींनी त्याच्याकडं पाहिलं नाही, गाउनकडं पाहिलं. बाही हातात घेतली आणि अंगठा-तर्जनीत चोळली. कापूसवाला माणूस बोंड हातात आल्यावर धागा ताणून पाहतो, तसा त्यांनी तो काळा कपडा ताणून पाहिला.

"हे त सारं प्लास्टिक हाय बापा."

पॉलिस्टर होतं. ज्या खामगावच्या कापसासाठी इंग्रजांनी जलंबहून रुळांचा फाटा आणला, १८७० साली तो उघडायला लॉर्ड मेयो, म्हणजे खुद्द व्हाइसरॉय, आला, त्या मुलखातल्या पोराच्या अंगावर पदवीच्या दिवशी कापसाचं सूत नव्हतं. आत शर्ट होता, तोही पॉलिस्टर. कापूस होता तो फक्त समईच्या वातीत, आणि समईही पाहुणे येईपर्यंत पेटवायची नव्हती.

हा गाउन आला कुठून, हे एकदा बघून घ्या. युरोपातली जुनी विद्यापीठं चर्चच्या सावलीत वाढली. मास्तर पाद्री, पोरं अर्धी पाद्री, इमारती दगडी आणि थंडी हाडं फोडणारी. म्हणून पायघोळ झगा आणि डोकं झाकायला टोपी. पुढं चर्च सुटलं, थंडीला हीटर आले, झगा राहिला. तो बोटीतून मुंबईला उतरला, तिथून नागपूरला, तिथून अमरावतीला, आणि भर एप्रिलात घाटाखाली येऊन आमच्या भाच्याच्या अंगावर बसला. डोक्यावरच्या त्या चौकोनी टोपीला इंग्रजीत जे नाव आहे ते गवंड्याच्या फळीचं आहे, जिच्यावर तो गिलाव्याचा माल घेतो. हॉलच्या मागं नवीन इमारतीचं काम चालू होतं. तिथल्या बिहारी गवंड्याच्या हातातली फळी आणि आमच्या भाच्याच्या डोक्यावरची फळी एकाच मापाची होती. गवंड्याला आठशे रोज होता. भाच्याचा रोज अजून ठरायचा होता.

केंद्रीय मंत्री असताना जयराम रमेश यांनी २०१० मध्ये भोपाळच्या वन व्यवस्थापन संस्थेच्या समारंभात भर मंचावर हा झगा उतरवून ठेवला आणि वसाहतकाळातलं रानटी उष्टं म्हणून त्याची संभावना केली. ती संस्था व्यवस्थापनाचीच, हे विशेष. २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानंही हातमागाचे कपडे वापरा असं कळवलं. काही विद्यापीठांनी झगे काढून उपरणी घेतली. पुण्यात तर पगडी कोणती यावरून वाद पेटला, कारण पुण्यात डोकं कोणतं यावरून वाद होत नाही, डोक्यावर काय यावरून होतो. आमच्या कॉलेजपर्यंत यातलं काही पोचलं नाही. गाउनवाल्याचं कंत्राट विश्वस्तांच्या साडूकडं आहे, आणि आयोगाच्या पत्रापेक्षा साडूचा फोन लवकर लागतो.

टोपी उडवू नये ही सूचना मात्र मला पटली. अमेरिकेत पोरं पदवी मिळाली की टोप्या आभाळात फेकतात. १९१२ मध्ये तिथल्या नौदल अकादमीत सुरू झालेली रीत म्हणतात. आपल्या भाषेत टोपी उडवतातही, पण इथं घालतात. दोन वर्षांची फी भरून झाल्यावर, तीनशे रुपये भाडं घेऊन, सगळ्या पालकांसमोर, टाळ्यांच्या गजरात ती घातली जाते.

आणि याला म्हणायचं पदवीदान. दान! भाऊजींनी मांडलेला हिशेब मी पाहिला आहे. ते वहीत रुपये लिहीत नाहीत, पोते लिहितात. फी, खोली, मेस, लॅपटॉप मिळून दोन वर्षांचे सत्तर क्विंटल सोयाबीन. हे हमीभावाने, म्हणजे २०२४-२५ च्या ४,८९२ रुपयांनी. मोंढ्यात चार हजाराच्या आसपास विकलं गेलं त्या भावानं मोजलं तर पंच्याऐंशी. मधले पंधरा क्विंटल कुठं गेले, हे भाच्याच्या चार सेमिस्टरच्या एकाही पेपरात आलं नाही. मी भाऊजींना म्हटलं, हमीभावानं का नाही विकलं? ते म्हणाले, "हमीभाव ऐकाले भेटते, इकाले नाही भेटत." हे वाक्य मार्केटिंगच्या पुस्तकात घालण्यासारखं आहे, पण पुस्तक अमेरिकेचं असतं.

तर दान कोणी कोणाला केलं, याचा निकाल वाचकांनी लावावा. कन्यादानातही सगळा खर्च देणाऱ्याचाच असतो, म्हणून शब्द जुळला असेल.

समारंभाला दुसरं नाव दीक्षान्त. विद्यापीठाला हे नाव आवडतं, त्यात जोडाक्षरं जास्त आहेत. दीक्षा संपली, आता जा. तैत्तिरीय उपनिषदात शिकून घरी निघालेल्या शिष्याला गुरूनं केलेला उपदेश आहे. देशभरातले कुलगुरू त्यातलं वर्षातून एकदा म्हणतात. त्यात खरं बोलण्यापासून सुरुवात आहे. एमबीएच्या पोरांना ते ऐकवताना प्राचार्यांचा आवाज जरा उतरला, असं मला वाटलं. माइक खराब असेल.

आता खरी गंमत. भाच्याच्या हातात पडलेल्या कागदावर नाव कोणाचं होतं? संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. १ मे १९८३ ला नागपूर विद्यापीठातून फुटून हे विद्यापीठ निघालं, आणि पुढं २००५ मध्ये त्याला बाबांचं नाव दिलं. पाच जिल्ह्यांच्या पोरांची प्रत्येक पदवी, प्रत्येक गुणपत्रिका, प्रत्येक एटीकेटी या माणसाच्या नावानं निघते. एकाच माणसाचं नाव इतक्या वेळा छापून त्याचं इतकं कमी ऐकायचं, हा विक्रमही गिनीजकडं पाठवायला हरकत नाही.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर, जन्म शेंडगाव, २३ फेब्रुवारी १८७६. बाबांचाही एक गाउन होता, गोधडीसारखा, चिंध्या जोडून केलेला. एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा, आणि डोक्यावर खापर. म्हणजे टोपी त्यांच्याही डोक्यावर होती. भूक लागली की तीच काढून तिच्यात भाकरी घ्यायची. आमच्या कॉलेजच्या टोपीत हे होणार नाही, तिला खोलीच नाही. शिवाय डाग पडल्यास अनामत जप्त.

लहानपणी दापुऱ्याला मामाकडं असताना त्यांनी पाहिलं काय, तर मामाची जमीन सावकाराच्या कागदात जाताना. अंगठा उठतो कुठं, आकडा फुगतो कसा, कोर्टात उभं राहतो कोण. हा त्यांचा पहिला पेपर, आणि त्यात ते नापास झालेले नाहीत. पुढं मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणं दारू-मटण न करता गोड जेवण घातलं म्हणून भाऊबंद रुसले, तरी हलले नाहीत. १९०५ मध्ये घर सोडलं. मग गावोगाव दिवसा खराटा आणि रात्री कीर्तन.

त्या कीर्तनाची तऱ्हा ऐका. बाबा सांगायचे कमी, विचारायचे जास्त. माणसांना प्रश्न, माणसांकडूनच उत्तर, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न, आणि पाच-सहा प्रश्नांत माणूस आपल्याच तोंडानं कबूल व्हायचा की आपण मूर्खपणा केला. लग्नात किती उडवले? कुठून आणले? फेडणार कशातून? हार्वर्डमध्ये १९०८ साली एमबीए सुरू झालं, आणि खऱ्या धंद्याची एक अडचण पुढं ठेवून वर्गात उलटसुलट प्रश्न विचारायची त्यांची सुप्रसिद्ध पद्धत तिथं १९२० च्या दशकात रुजली. त्याच वर्षांत इकडं वऱ्हाडातल्या पारावर, कंदिलाच्या उजेडात, तोच वर्ग भरत होता. फी नव्हती. अडचण छापील नव्हती, समोर बसलेली होती. आणि तिचं व्याज चालू होतं.

त्या माणसानं पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई इथं धर्मशाळा उभारल्या. दवाखान्यात आलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांना टेकायला जागा केली. पैसा लाखांनी आला आणि गेला. स्वतःच्या बायको-पोरांना त्यातल्या एका इमारतीत हक्कानं राहू दिलं नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली आणि मोकळे झाले. शिक्षणसंस्था काढून ती मुलाला, मग सुनेला, मग नातवाला देण्याचं शास्त्र त्यांना अवगत नव्हतं. म्हणून ते संत, आणि बाकीचे संस्थापक अध्यक्ष.

त्यांचा एकच ठेका होता : ताट मोडा, पण पोराला शिकवा, आणि कर्ज काढून सण-लग्नं करू नका. पहिला अर्धा भाग भाऊजींनी पाळला. ताईच्या पाटल्या सध्या सोनेतारणात आहेत. दुसऱ्या अर्ध्याकडं आपण शेवटी येऊ, कारण भाचाही तिथंच पोचला आहे.

प्रमुख पाहुणे सव्वा तास उशिरा आले. निवृत्त बडे अधिकारी. त्यांनी सांगितलं, "नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा." महाराष्ट्रात गेल्या वीस वर्षांत हे वाक्य न म्हणता पदवीदान झालेलं असेल तर त्या कॉलेजनं कळवावं, मी पेढे पाठवतो. हे वाक्य नेहमी तोच म्हणतो ज्यानं पस्तीस वर्षं नोकरी केली आणि आता सातव्या वेतन आयोगाची पेन्शन घेतो. किराणा दुकान चालवणाऱ्याला पाहुणा म्हणून कोणी बोलावत नाही. बोलावलं तर तो पोरांना हळूच सांगेल, लागली तर सरकारी लाव.

मग स्टीव्ह जॉब्ज आला. तो येणारच होता. २००५ मध्ये तो स्टॅनफर्डच्या पोरांना जे बोलला ते पाहुण्यांना पाठ होतं. त्यातलं भुकेलं राहण्याचं त्यांनी दोनदा सांगितलं. मागच्या रांगांत पालक होते. कुपनावर जेवणाची वेळ साडेबारा लिहिलेली होती आणि दीड वाजला होता. एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "याले कोणी सांगा ना, आपून तयारच हावोत."

त्यानंतर पाहुणे २०४७ वर गेले. देशाची अर्थव्यवस्था तेव्हा कुठं असेल, आकडा, त्यावर टाळ्या. मी भाऊजींकडं पाहिलं, ते भाकीत कान देऊन ऐकत होते. त्यांना भाकिताचं वावडं नाही. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात, तिथं ते दरवर्षी जातात. शेतात अठरा धान्यं गोलात मांडायची, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची म्हणून चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, घागरीवर पापड, कुरडई, आणि शेजारी राजाच्या गादीची पान-सुपारी. रात्रभर तिथं कोणी फिरकायचं नाही. पहाटे काय हललं, काय सरकलं, कोणतं ढेकूळ विरघळलं, ते पाहून वर्षाचं पीकपाणी आणि दिल्लीच्या गादीचंही सांगायचं. अंनिसवाले याला थोतांड म्हणतात, आणि मीही त्यांच्याच बाजूचा. पण एक कबूल करतो. भेंडवळवाले एकाच वर्षाचं सांगतात आणि पुढच्या वर्षी त्याच माणसांसमोर त्याच शेतात उभे राहतात. २०४७ चं सांगणारा पाहुणा २०४७ मध्ये कुठं सापडायचा?

भाच्याला मी विचारलं होतं, तुम्हाला हे अंदाज-बिंदाज शिकवतात ना, सोयाबीनचा पुढचा भाव काढता येईल का? तो म्हणाला, मामा, ते एक्सेलमध्ये करायचं असतं, आमच्या लॅबला दुसऱ्या वर्षी एक्सेल आलं नाही.

व्यवस्थापन शिकायला या पोरांना फार लांब जायला नको होतं. शेगाव खामगावपासून स्कूटरवर अर्धा तास. गजानन महाराजांच्या संस्थानात रोज हजारोंची पंगत उठते, फरशीवर एक शीत दिसत नाही, चपला हरवत नाहीत, रांगेत कोणी ओरडत नाही. काम करणारे हजारो सेवेकरी पगार मागत नाहीत. उलट त्यांना पाळी मिळण्यासाठी वाट पाहावी लागते. आषाढीला शेकडो वारकऱ्यांची पालखी महिनाभर पायी चालते, मुक्कामाला वेळेवर पोचते, आणि राज्यभर तिच्या शिस्तीचं नाव निघतं. हे सगळं ज्यांनी बसवलं त्या शिवशंकरभाऊ पाटलांबद्दल सांगतात की ते संस्थानात पाणीही घरचंच पीत. ४ ऑगस्ट २०२१ ला गेले. ज्या वर्षी विद्यापीठ निघालं त्याच १९८३ मध्ये संस्थानानं अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं, आणि तिथं आता एमबीएसुद्धा शिकवतात. भाच्याच्या कॉलेजची इंडस्ट्रियल व्हिजिट मात्र गोव्याला गेली होती. कोणत्या उद्योगाला भेट दिली, ते फोटोंवरून कळत नाही. फोटोत समुद्र आहे.

नाहीतर वर बुलढाण्यात जायचं. १९८६ मध्ये राधेश्याम चांडक ऊर्फ भाईजींनी ७२ सभासद आणि १२ हजार रुपये घेऊन बुलडाणा अर्बन सुरू केली. आज तिच्या शाखा राज्याबाहेर आहेत आणि गोदामात माल ठेवून त्यावर शेतकऱ्याला उचल मिळते. जिल्ह्याच्या ज्या गावाला आजही रेल्वे नाही, तिथून. पतसंस्था म्हटलं की महाराष्ट्रात लोक आधी 'बुडाली का?' विचारतात, अशा काळात हे टिकलं कसं, यावर दोन तास बोलता आलं असतं. कॉलेजनं दोन तास गाउनची मापं घेतली.

एवढ्यात पदव्या वाटायला सुरुवात झाली. नाव पुकारलं की जायचं, झुकायचं, गुंडाळी घ्यायची, कॅमेऱ्याकडं पाहायचं, उतरायचं. गुंडाळी कोरी होती, खरा कागद नंतर खिडकीवर सही करून. पहिली आलेल्या मुलीला सुवर्णपदक मिळालं. शेजारी खामगावचे एक चांदीवाले बसले होते. खामगावात चांदीचं काम करणाऱ्याची नजर म्हणजे तराजू. ते लांबूनच म्हणाले, "वरून पॉलिश आहे, आत आमचा माल असला तरी पुष्कळ." मुलगी मात्र खरी निघाली. मंचावरून उतरून थेट मागं गेली आणि पदक आईच्या गळ्यात घातलं. आईनं पदर सावरला, पदक पदराखाली सरकवलं, आणि आजूबाजूला पाहिलं. चोरांची सवय असलेल्या बाईसारखं. मला तिथं विनोद सुचला नाही.

भाच्याचं नाव आलं तेव्हा ताई उभी राहिली आणि भाऊजी बसूनच राहिले. त्यांना टाळ्या वाजवताना मी पहिल्यांदा पाहिलं. सवय नसल्यानं आवाज येत नव्हता.

दाराशी फ्लेक्स लागलेला : 'शंभर टक्के प्लेसमेंट'. वीस फोटो, वीस कंपन्या, वीस हसरे चेहरे. सगळ्यात मोठा फोटो अर्थात विश्वस्तांचा, त्यांची प्लेसमेंट पूर्वीच झालेली आहे. भाच्याचाही फोटो होता, खाली 'बँकिंग क्षेत्र'. लग्नाच्या बायोडाटात हेच दोन शब्द टाकायचे, असं ताईनं तिथंच ठरवलं. शेतकरी मुलाला पोरगी मिळत नाही, बँकिंग क्षेत्राला मिळते. या पदवीचा सगळ्यात वेगानं मिळणारा परतावा हाच आहे, आणि त्यावर कोणी प्रबंध लिहीत नाही.

बाकी जी पोरं होती ती रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला निघाली. हिंजवडी, वाघोली, एका खोलीत सहा जण. खामगावची गत कापसापासून हीच आहे. १८७० चा रूळ माल बाहेर नेण्यासाठी होता. गाठी गेल्या, मुंबईहून लँकेशायरला गेल्या, आणि तिकडून कापड होऊन दुप्पट भावानं बाजारात आल्या. खामगाव-जालना रेल्वेची मागणी मात्र शतकाहून जुनी, तिच्यावर सर्वेक्षणं होतात. जाण्याची सोय झटकन झाली, येण्याजाण्याची होता होत नाही. पोरांचंही गाठींसारखंच. इथं पिकतात, इथं दाबून गाठ बांधली जाते, आणि बाहेर जातात. फरक एवढाच की गाठीला तरी वजनानुसार भाव होता.

भाचा बाहेर जाणार नाही, याचा ताईला आनंद. जिल्ह्यातच लागला.

पाचला दहा कमी असताना आम्ही गाउनच्या टेबलाशी होतो. शेवटचा फोटो काढायचा म्हणून भाच्यानं झगा काढून भाऊजींच्या अंगावर घातला. पांढरं धोतर, वर काळा झगा, डोक्यावर गवंड्याची फळी. भाऊजी सरळ उभे राहिले, आधार कार्डाच्या फोटोसारखे. घाम पुसला तो झग्याच्या बाहीनंच. टेबलावरच्या पोरानं बाही उजेडात धरली, डाग शोधला आणि अनामतीतले शंभर कापले.

"पावती?" भाचा म्हणाला. पावती नव्हती.

परत येताना शेगाव स्टेशनाबाहेर कचोरी खाल्ली. तिथं भाऊजींनी पहिल्यांदा विचारलं की बँकेत नेमकं काम काय. भाचा म्हणाला, बँक नाही तशी, छोटी कर्जं देणारी कंपनी आहे. बायांचे गट असतात, पर्सनल लोन असतं, मोटारसायकल, लग्नाचं कर्ज. दोन महिने वाटायचं, मग वसुली. टार्गेट दोन्हीचं असतं. सकाळी सातला गावात पोचायचं, माणसं शेतात जायच्या आत.

"लग्नाचं कर्ज?"

"सगळ्यात जास्त त्यातच जाते, बाबा."

पदवीची सुरळी भाच्याच्या मांडीवर होती. तिच्यावर बाबांचं नाव होतं, खराटा नव्हता.

भाऊजींनी कचोरीचा कागद चुरगाळला, टाकायला जागा शोधली, मिळाली नाही म्हणून खिशात ठेवला. त्यांच्या पहिल्या पोरीच्या लग्नाचे हप्ते अजून सात राहिले आहेत. दर महिन्याच्या चार तारखेला एक पोरगा हेल्मेट न काढता ओट्यावर बसतो, हे मला माहीत होतं. त्या पोरालाही माहीत असेल.

"मंग आपल्या गावात तूच येशीन काय रे?"

"नाही बाबा," भाचा म्हणाला. "माझा एरिया संग्रामपूर. तुमच्याकडं येतो तो माझ्याच कॉलेजचा हाय, आमच्या एक वर्ष आधीचा."